बोर्ड धरायला आम्ही, मजकूर तुमचा

मी मुंबईच्या गोदीत बोजा उचलतो. मॅट्रिक झालोय. कविता लिहितो. गाव जामखेड तालुक्यातलं. ज्या संस्थेबद्दल बोलतोय तिच्या कागदावर माझी ओळख एका शब्दाची, 'स्वयंसेवक'. तिचं नाव सांगत नाही. अशा पुष्कळ आहेत.

सुट्टीला गावी गेलो की पोस्टरं चिकटवायला मी. खळ माझी, शिडी माझी, ऊन माझं. मोर्चात बोर्ड धरायलाही मीच. बोर्डावर काय लिहायचं ते मात्र पुण्यात ठरायचं. एकदा विचारलं, ताई, मजकूर मी लिहू? ताई हसल्या. "तुझी भाषा कडक आहे रे, देणगीदार बिचकतात."

मग फोटोवाला आला. आय ऊसतोडीवरून नुकतीच परतलेली. फोटो म्हणून तिनं ठेवणीतलं पातळ नेसलं. तो म्हणाला, मावशी, जुनं नेसा ना. आयनं बदललं. अहवालाच्या मुखपृष्ठावर फाटक्या पातळातली आय, खाली 'लाभार्थी'. नाव नाही. आत सगळं इंग्रजी. तिला काय, मलाही निम्मं कळलं नाही. मला त्या नव्या पातळाचा हिशेब पाहिजे.

स्वयंसेवकांना प्रसिद्धीच्या कामात सामील करा, असा उपदेश हल्ली सगळ्या संस्थांत चालतो. सामील म्हणजे काय? फुकटचे हात? हात तर आमचे पिढ्यान् पिढ्या फुकटच वापरले. तोंडाचं काय?

'ज्ञानोदय' १८४२ साली आपल्या नगरातच निघालं. (आता अहिल्यानगर म्हणायचं.) त्याच ज्ञानोदयात १८५५ साली फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेनं, मांगाच्या पोरीनं, मांगामहारांचं दुःख स्वतःच्या हातानं लिहिलं. मिशनऱ्यांनी तिला बोर्ड धरायला लावलं नाही, तिचं अक्षर छापलं. १९२० ला 'मूकनायक' निघालं, तर 'केसरी'नं पैसे देऊनही जाहिरात घेतली नाही. पुढं 'बहिष्कृत भारता'चे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना एकट्यानं भरावे लागले. तेव्हा तुटवडा लिहिणाऱ्यांचा होता. आज लिहिणारी पोरं वस्तीवस्तीत आहेत आणि त्यांच्या हातात खळीचा डबा!

माझ्याच तालुक्यात १९७० साली आरोळे डॉक्टर नवराबायकोनं प्रकल्प काढला. तिथं आरोग्याचं सांगणं गावच्याच बायांनी हातात घेतलं. बऱ्याच निरक्षर, कैक आपल्या वस्तीतल्या. आधी शिकल्या, मग आपल्या बोलीत घरोघर सांगितलं. गाव ऐकू लागलं, कारण सांगणारी गावची होती.

आपल्यांनाही सोडत नाही. जयंतीच्या फ्लेक्सवर साहेबांचं थोबाड चौकभर आणि बांबू रोवणाऱ्या पोराचं नाव कोपऱ्यात, तेही चुकीचं.

मजकुराच्या बैठकीत आम्हाला बसवा. ज्याचा फोटो त्याला आधी त्याच्या बोलीत वाचून दाखवा. नको म्हणाला तर फाडा. एसटीचं भाडं आणि बुडालेली हजेरी द्या. आमच्या लिहिण्याखाली आमचं नाव छापा.

परवा ताईंचा फोन. रविवारी पोरं लागतील. म्हटलं, मजकूर आधी धाडा, आयला वाचून दाखवतो. तिला पटला तर शिडी घेऊन येतो.

ताई म्हणाल्या, वर विचारून सांगते.