बाबा किचनमध्ये गेले आणि क्लासेन आउट झाला

२९ जून २०२४ ची रात्र आठवतेय? बार्बाडोसला टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल. बाबा पाणी प्यायला किचनमध्ये गेले आणि इकडे क्लासेन आउट! झालं, मॅच संपेपर्यंत बाबांना हॉलमध्ये एन्ट्रीच नाही. तुमच्याही घरी त्या रात्री असंच काहीतरी चाललं असणार. दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या की मेंदू त्यांची गाठ मारून मोकळा होतो. आपण त्यावर हसतो आणि सकाळी विसरून जातो.

माझ्या चुलत दादाला ते विसरता येत नव्हतं. (हे मी त्याला विचारून लिहितेय.) तो तेव्हा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. एकदा मला म्हणाला, ‘अगं, मी दार लावलं ना, की खाली रिक्षा सुरू होते. दर वेळी.’ मी खो खो हसले. मग त्याला चुकीचं ठरवायला वही घेऊन खिडकीत बसले. त्याने दहा वेळा दार लावलं, रिक्षा एकदाही सुरू झाली नाही. मी जिंकल्याच्या थाटात वही दाखवली. तो शांतपणे म्हणाला, ‘तू बघतेयस म्हणून थांबलेत ते.’

त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावरची भीती मला दिसली नाही. मला फक्त माझी वही दिसत होती.

पुढे त्याला स्किझोफ्रेनिया असल्याचं निदान झालं. मग मी वाचायला लागले, तेव्हा पॅट्रिक हॅगार्ड या लंडनमधल्या संशोधकाचा प्रयोग सापडला. बटण दाबायचं, पाव सेकंदाने बीप वाजतो. समोर भराभर फिरणारा घड्याळाचा काटा बघून आपण बटण कधी दाबलं, बीप कधी वाजला हे सांगायचं. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात लोकांना बटण दाबल्याची वेळ थोडी उशिराची आणि बीपची वेळ थोडी आधीची वाटली. म्हणजे मधलं अंतर कमी झालं. पण स्वतःहून न दाबता बाहेरून चुंबकीय झटका देऊन बोट हलवलं, तर हेच अंतर वाढल्यासारखं वाटलं. ‘हे मी केलं’ ही भावना आणि वेळेचं भान अशी एकमेकांत गुंतलेली असतात.

पुढच्याच वर्षी स्किझोफ्रेनिया असलेल्या काही लोकांसोबत असाच प्रयोग झाला. त्यांना हे अंतर इतरांपेक्षाही कमी वाटलं. २०१० च्या आणखी एका अभ्यासात एक बारकावा कळला. बीप बहुतेक वेळा वाजतोच हे लक्षात आलं, की इतरांचा मेंदू आधीच अंदाज बांधतो. एखाद्या वेळी बीप वाजला नाही, तरी बटण दाबल्याची वेळ त्यांना बीपच्या बाजूला सरकलेली वाटते. पेशंट्सच्या बाबतीत तसं होत नव्हतं. बीप खरंच वाजला तरच ती वेळ सरकायची. म्हणजे गाठ मारली जात होती, पण मागाहून.

हे प्रयोग मोजक्या लोकांवरचे आहेत आणि त्यावरून कुणाचं निदान होत नाही. पण मला दादाचं दार त्यातून थोडं समजलं. गाठ मागाहूनच बसत असेल, तर निव्वळ योगायोगही ‘माझ्यामुळे झालं’ असा वाटू शकतो. त्याचं लॉजिक बिघडलेलं नव्हतं. त्याला जे जाणवत होतं, त्याचा तो अर्थ लावत होता. आपणही तेच करतो.

म्हणूनच माझं मत स्पष्ट आहे. अशा माणसाशी वाद घालणं बंद करा. ‘मनाचे खेळ आहेत’, ‘जरा पॉझिटिव्ह विचार कर’ हेही नको. आणि ग्रुपवर कुणाचा मूड बदलला की ‘स्किझो आहे यार’ म्हणणं तर नकोच. एका माणसात दोन माणसं असणं म्हणजे स्किझोफ्रेनिया नव्हे. छिन्नमनस्कता या मराठी शब्दामुळे तो गैरसमज उलट वाढतो, असं मला वाटतं.

याचा अर्थ ‘हो, रिक्षावाले तुझ्यावर लक्ष ठेवतात’ असं म्हणायचं का? अजिबात नाही. माझ्या काकूने जे केलं ते करायचं. ती फक्त विचारायची, ‘भीती वाटतेय का रे? मी बसू इथे?’ दादा म्हणतो, डॉक्टरकडे जायला तो तयार झाला तो त्या प्रश्नामुळे, माझ्या वहीमुळे नाही.

पण तोवर आठ महिने गेले होते. आधी पत्रिका, मग गावी देवाचा कौल, मग सायकियाट्रिस्ट. उपचार जितके लवकर सुरू होतील तितकं चांगलं. आणि हा आजार बहुतेकदा सुरू होतो तो विशी-पंचविशीच्या आसपास, म्हणजे आपल्याच वयात. लेक्चरला येणं बंद करणारा, एकटा पडणारा, विचित्र काहीतरी बोलणारा मित्र आई-वडिलांच्या आधी आपल्याला दिसतो. तेव्हा काय करायचं सुचलं नाही, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फोन फ्री आहे, मराठीतही बोलता येतं.

दादा आता औषधं घेतो, अर्धा दिवस एका दुकानात हिशेब बघतो. परवा मॅच बघताना मी पाणी आणायला उठले आणि विकेट पडली. दादा म्हणाला, ‘तुझ्यामुळे!’ आणि आधी तोच हसला.