सापाला आग्रह कशाला?

पाहुणा जेवला नाही की आपल्याकडे घरच्या माणसाला चैन पडत नाही. ‘अजून अर्धी भाकरी’, ‘माझ्या हातचा एक घास’ हे आपले प्रेमाचे शब्द. माणसांच्या पंगतीत ते शोभतात. सापाच्या बाबतीत हाच आग्रह कसा जिवावर बेततो, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. नुसते पाहिले नाही, त्याला हातभारही लावला आहे.

आमच्या मोरिवलीत एमआयडीसीचे कारखाने आहेत आणि त्यांच्या कडेने गवताळ रानही आहे. जिथे गोदामे तिथे उंदीर, आणि जिथे उंदीर तिथे धामण. हे कळायला प्राणिशास्त्र घ्यावे लागत नाही. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात माझ्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, फळ्यांच्या ढिगाखालून एक धामण धरली. दादा स्वतःला सर्पमित्र म्हणवतो. नागपंचमीला मुलांना दाखवायची म्हणून त्याने ती माशांच्या जुन्या काचपेटीत ठेवली.

पहिल्या दिवशी आजीने वाटीभर दूध ठेवले. ते नासले. मग अंडे झाले. मग पोरांनी बेडूक आणून सोडला, तर तो रात्रभर तिच्या पाठीवर बसून राहिला! आम्ही हसलो. पुढे पिंजऱ्यातला जिवंत उंदीर दिला. त्याने उलट तिलाच शेपटीजवळ चावा घेतला. काचेवर घासून घासून तिचे नाक रक्ताळले होते. दहाव्या दिवशी दादाने आईस्क्रीमच्या काडीने तिचे तोंड उघडले आणि मांसाचा तुकडा मी आत ढकलला. तिने तो ओकून टाकला. तेराव्या दिवशी ती मेली.

‘उपाशी मेली बिचारी,’ असे सगळे म्हणाले. मीही तेच समजत होतो. नंतर वाचले तेव्हा कळले की धडधाकट सापाला तेरा दिवसांचा उपास म्हणजे काहीच नाही. तो आपल्यासारखा अन्नातून अंगाची ऊब तयार करीत नाही. ऊब बाहेरून घेतो, म्हणून त्याला अन्न फार थोडे लागते. एक उंदीर पचवायला कित्येक दिवस जातात. गारठा असला तर पचनच मंदावते, आणि अशा वेळी खाण्यापेक्षा न खाणे त्याच्या हिताचे असते. कात टाकण्याआधी डोळे दुधाळ होतात, तेव्हाही बहुतेक साप अन्नाला तोंड लावीत नाहीत. आणि सर्वात मोठे कारण भीती. लपायला आडोसा नाही, चारी बाजूंनी काच, काचेबाहेर माणसांची तोंडे! अशा जागी कोण जेवेल? शिवाय सापाची श्वासनलिका तोंडात पुढेच उघडते. जबरदस्तीने ओतलेले दूध फुप्फुसात जाते. तहानलेला साप दूध पितो तो पाण्यासाठी. ते त्याचे अन्न नव्हे.

आफ्रिकेतला बॉल पायथन पाळण्याचा शोक आता आपल्या शहरांतही आला आहे. हा अजगर महिनोन् महिने न खाण्याबद्दल प्रसिद्धच आहे. जाणकार पाळणारे त्याचे तोंड उघडीत बसत नाहीत. ऊब नीट करतात, लपायला खोके देतात, मेलेला उंदीर कोमट करून ठेवतात आणि चक्क निघून जातात. या शोकाचे मला कौतुक नाही. पण ‘निघून जाणे’ एवढे तरी त्यांच्याकडून शिकावे.

आपले साप तर पाळण्याचा प्रश्नच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग, घोणस, धामण यांना संरक्षण आहे. ‘गारुडी नागांना उपाशी ठेवतात, दात काढतात,’ म्हणून आपण त्यांना नावे ठेवतो, ते योग्यच आहे. परंतु बरणीत आणि पोत्यात आठ-आठ दिवस साप ठेवणाऱ्या हौशी सर्पमित्रांना मात्र आपण शाल-श्रीफळ देतो. यावर कोणी म्हणेल, दाखवल्याशिवाय लोकांची भीती कशी जाणार? नीलिमकुमार खैरे १९८० साली पुण्यात ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास राहिले, ते याचसाठी. मान्य. पण तिथे सापांना कोणी डिवचत नव्हते. आमच्या पेटीभोवती जमलेल्या पोरांनी काय पाहिले? नाक फुटलेले, मरायला टेकलेले जनावर. त्यांची भीती गेली असेल, तर ती किळस येऊन गेली असेल.

साप पकडला की वनखात्याला कळवावे आणि जवळच्याच योग्य जागी त्याच दिवशी सोडावा. तो खात नसेल तर त्याला काय द्यावे हे विचारू नये. तो अजून आपल्याकडे का आहे, हे विचारावे.

यंदा जूनमध्ये आमच्याच गल्लीत पुन्हा धामण निघाली. दादाने वनरक्षकाला फोन केला आणि संध्याकाळच्या आत तिला नाल्यापलीकडच्या गवतात सोडले. कॉलेजातल्या मित्रांना दाखवायला मला एक फोटो हवा होता. पिशवीचे तोंड जमिनीला टेकवीत दादा म्हणाला, “बाजूला हो आधी.”