जुन्या व्हिस्कीचे मोल
धनिक मंडळी जुनी व्हिस्की निव्वळ बडेजावासाठी घेतात, हे म्हणणे अर्धेच खरे आहे. ओकच्या पिंपातून स्कॉटलंडमध्ये वर्षाला सुमारे २ टक्के मद्य उडून जाते. गोव्याच्या उष्म्यात सुमारे ८ टक्के, म्हणजे १० वर्षांत पिंप निम्म्याहून अधिक रिते. मॅकॅलन या स्कॉच व्हिस्कीच्या १९२६ च्या पिंपातून ६० वर्षांनी जेमतेम ४० बाटल्या भरल्या. त्यांतील एक २०२३ मध्ये लंडनच्या लिलावात २१ लाख पौंडांवर गेली. इथे पैसा मोजला जातो तो दुर्मिळतेसाठी. अशी बाटली सहसा फोडली जात नाही, कपाटात जपली जाते. पुण्याच्या दुकानातील किमतीत मात्र कराचाही मोठा वाटा असतो. महाराष्ट्राने आयात स्कॉचवरील उत्पादन शुल्क २०२१ मध्ये निम्म्यावर आणले, तरी ते १५० टक्के राहिले.