लीड व्हायचंय? आधी वॉर्डात जा!

हेल्थकेअर प्रोजेक्टवर आलं की आपली पोरं काय करतात? आधी सर्टिफिकेशन, मग 'लीड कधी करताय?' म्हणून मॅनेजरमागे भुणभुण. अरे, पण हॉस्पिटल कधी बघणार?

थेरॅक-२५ आठवा. १९८५ ते १९८७ दरम्यान अमेरिका-कॅनडात या रेडिएशन मशीनने किमान ६ रुग्णांना प्रचंड ओव्हरडोस दिला, काही दगावले. कंपनीला बग सापडेना. १९८६ मध्ये तो सापडला टेक्सासमधल्या हॉस्पिटलच्या फिजिसिस्टला, ऑपरेटरबाईंसोबत बसून! चुकलेली एन्ट्री त्यांनी झटपट दुरुस्त केली, की मशीनचा घोळ व्हायचा.

'युजर एरर' लिहून तिकीट बंद करणारा फार तर सीनियर होतो, लीडर नाही. सर्टिफिकेट नंतर घ्या. आधी एक नाइट शिफ्ट नर्सशेजारी काढा. पटत नसेल तर भांडा!