चेनला ऑइल येत नाही? पंप बदलण्याआधी बार उघडा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण चेनसॉ उघडून दाखवला. हात कुठे घालायचा, कुठला बोल्ट सोडायचा ते तिथे बघा. इथे मला थोडं वेगळं बोलायचंय. मशीन घेऊन झाडं छाटायचा, पडलेली झाडं कापून द्यायचा धंदा सुरू करणाऱ्यांशी.

आपल्या एका बॅचमधला मुलगा सिंधुदुर्गात हेच काम करतो. आंबा-काजूच्या बागांतली छाटणी, पावसाळ्यात आडवी झालेली झाडं. ऐन कामाच्या दिवसांत त्याचा फोन आला, "सर, मशीन चेनला ऑइलच देत नाही. पंप गेला म्हणतायत. नवीन टाकू का?"

मी विचारलं, "बार काढून बघितलास का?"

तिकडून काहीच आवाज नाही.

बार काढला, तर खाचेत भुसा आणि ऑइलचा घट्ट लगदा. पातळ पत्र्याच्या तुकड्याने खरवडला, ऑइलचं भोक तारेने मोकळं केलं, दहा मिनिटांत काम झालं. पंप ठणठणीत होता.

माझं मत सरळ आहे. ऑइल टाकीतून चेनपर्यंत कसं पोचतं हे ज्याला सांगता येत नाही, त्याने त्या मशीनच्या जोरावर गिऱ्हाइकाला तारीख देऊ नये. पूर्ण दुरुस्ती यायला हवी असं मी म्हणत नाही. रस्ता माहीत हवा, एवढंच.

रस्ता असा आहे. चेनच्या ऑइलची टाकी वेगळी, पेट्रोलची वेगळी. पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी ऑइल इंजिनासाठी, चेनशी त्याचा संबंध नाही. चेन ऑइलच्या टाकीत तळाला एक छोटी जाळी म्हणजे फिल्टर असतो. तिथून नळीने ऑइल पंपात जातं. बऱ्याच मशीनमध्ये हा पंप क्लचच्या ड्रमबरोबर फिरणाऱ्या एका छोट्या वर्म गिअरवर चालतो. पंपातून ऑइल बॉडीवरच्या भोकातून बाहेर येतं, बारच्या भोकात शिरतं आणि चेन ते खाचेतून पुढे ओढून नेते. या वाटेवर कुठेही अडलं की चेन कोरडी.

कोरडी चेन ओळखायची कशी? बारमधून धूर, बारच्या कडेला निळसर काळे डाग, चेन तापून सैल पडणं. पण एक फसगत लक्षात ठेवा. चेनची धार गेली असेल तरी धूर येतो. कापताना जाड कपच्या पडण्याऐवजी पिठासारखा भुसा पडत असेल, तर आधी कानस मारा. आणि तापलेली चेन आवळली असेल, तर काम संपल्यावर ती सैल करायला विसरू नका. थंड झाली की ती आखडते आणि मशीनच्या शाफ्टवर ताण येतो.

आता तपासणी. माझा नियम एकच, फुकटापासून सुरुवात, खर्च सगळ्यात शेवटी.

एक. टाकीत ऑइल आहे का? हसू नका, घाईत पेट्रोल भरतात आणि ऑइल विसरतात. साधी खूण अशी की पेट्रोलची एक टाकी संपेपर्यंत ऑइलची टाकीही बरीचशी उतरलेली असायला हवी. पेट्रोल संपलं आणि ऑइल जसंच्या तसं, म्हणजे चेनला काहीच मिळालेलं नाही.

दोन. पांढऱ्या पुठ्ठ्याची परीक्षा. बारचं टोक पुठ्ठ्यापासून वीतभर लांब धरून मशीन रेस करा. पुठ्ठ्यावर ऑइलची बारीक रेघ उमटली तर पंप काम करतोय.

तीन. रेघ नाही उमटली तर मशीन बंद करा, प्लगची कॅप काढा (बॅटरीचं मशीन असेल तर बॅटरी काढा) आणि मगच हात घाला. साइड कव्हर, चेन, बार काढून भुसा साफ करा. खाच आणि भोक मोकळं करा. परत लावताना बार उलटा करून लावा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या झिजतील.

चार. तरी ऑइल नाही? टाकीचं झाकण किंचित सैल करून बघा. मग ऑइल यायला लागलं, तर टाकीत हवा शिरायची वाट बुजली आहे. हवा आत गेली नाही की ऑइल बाहेर येत नाही.

पाच. ऑइल कमी-जास्त करायचा स्क्रू तुमच्या मॉडेलला आहे का? बहुधा खालच्या बाजूला असतो. कोणी बारीक करून ठेवला असेल.

सहा. टाकीतली जाळी तारेच्या आकड्याने बाहेर काढून धुवा. नळीला चीर गेली आहे का बघा.

एवढं सगळं करूनही चेन कोरडीच राहिली, तर वर्म गिअर आणि पंप. इथे मेकॅनिककडे जा. क्लचचे आटे बऱ्याच मशीनमध्ये उलटे असतात, जोर लावून सोडायला गेलात तर नवा खर्च ओढवून घ्याल. पण तिथे जाताना तुम्ही सांगू शकता, "बार, झाकण, जाळी बघितली. आता गिअर बघा." असं बोलणाऱ्या माणसाला उगाच पंप विकणं अवघड असतं.

आता आवडता वाद: जळकं ऑइल. "सर, गॅरेजमधलं काळं ऑइल फुकट मिळतं, चेनवरून उडूनच तर जाणार आहे." हो, उडूनच जातं. त्यात धातूचा बारीक कीस असतो, तो पंप आणि बार झिजवतो. उडतं ते तुमच्या हातावर, श्वासात आणि गिऱ्हाइकाच्या बागेत. बार ऑइलमध्ये चिकटपणा मुद्दाम ठेवलेला असतो, म्हणून ते चेनला धरून राहतं. खायचं तेल ओतणारेही आहेत. मशीन काही दिवस पडून राहिलं की ते गोंदासारखं होतं आणि वाट बुजते.

हिशोब करू, आकडे तुमचे घाला. समजा दिवसाचं काम ३,००० रुपयांचं, दोन माणसांची मजुरी १,४००. दुपारी बारा वाजता मशीन बसलं, अर्धंच काम झालं, १,५०० हातात आले. मजुरी द्यावीच लागणार. उरले १०० आणि त्यात पेट्रोलही भागत नाही. चांगल्या ऑइलला दिवसाला १०० रुपये जास्त जात असतील, तर अशा एका बुडालेल्या अर्ध्या दिवसाच्या १,५०० रुपयांत पंधरा दिवसांचं ऑइल निघतं.

काही जण म्हणतात, "सर, मी मालक, मी हात काळे का करू? तुम्हीच सांगता ना, कामं वाटून द्या." सांगतो, आणि अजूनही सांगेन. पण जे काम तुम्हाला कळतं तेच तुम्ही वाटून देता. जे कळत नाही ते तुम्ही दुसऱ्याच्या भरवशावर सोडता. तुमचा माणूस रोज संध्याकाळी बार साफ करतो की नाही, हे पुठ्ठ्यावरची रेघ बघून तुम्हाला कळलं पाहिजे. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा वाड्यांमधली माडं-पोफळी आडवी झाली होती. अशा दिवसांत कामाला तोटा नसतो, पण दुकान बंद, रस्ते बंद, मेकॅनिक नाही. तेव्हा ज्याचं मशीन चालतं, त्याचंच नाव गावात राहतं.

म्हणून या आठवड्याचं काम छोटं आहे. मशीनच्या पेटीत तीन वस्तू ठेवा: पातळ पत्र्याची पट्टी, तारेचा तुकडा, पांढरा पुठ्ठा. आणि उद्या सकाळी साइटवर पहिली फांदी कापायच्या आधी पुठ्ठ्यावर रेघ काढा. रेघ आली, तर कामाला लागा. नाही आली, तर गिऱ्हाइकाला आधीच सांगा, "दादा, पंधरा मिनिटं द्या." दुपारी फोन बंद करून बसण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

भेटू पुढच्या व्हिडिओत.