तळघरातील गाळणी

पुण्या-मुंबईकडील एखाद्या मोठ्या गृहसंकुलाच्या सर्वसाधारण सभेस उपस्थित राहावे. प्रवेशद्वाराची रंगरंगोटी, वाहने लावण्याची जागा, गणेशोत्सवाचा मंडप यांवर तासन् तास खल होतो. तळघरातील सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचा विषय निघताच मात्र ‘पुढील सभेत पाहू’ असे म्हणून तो मिटविला जातो. हा नुसता आळस नव्हे. नागरी कर्तव्याचा हा विसर आहे.

२००६ च्या अधिसूचनेने वीस हजार चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामांना पर्यावरणविषयक पूर्वपरवानगी सक्तीची केली. त्या परवानगीच्या अटींपोटी ही छोटी केंद्रे ठिकठिकाणी उभी राहिली. त्यांतील आरंभीची केंद्रे आता जुनी झाली आहेत. जीवाणूंनी मैला पचविल्यावर व गाळ तळाशी बसल्यावर उरलेले पाणी तेथे प्रथम वाळूच्या आणि मग कोळशाच्या गाळणीतून जाते. वाळू उलट्या प्रवाहाने नियमित धुतली नाही, तर तिचे गठ्ठे होतात आणि त्यांच्या फटींतून पाणी न गाळताच निसटते. कोळशाची वास व रंग शोषण्याची शक्ती तर कालांतराने संपतेच. मग फ्लशच्या पाण्यास दुर्गंधी येते, रहिवासी तक्रार करतात, आणि समिती सोपा उपाय योजते: केंद्र बंद, सांडपाणी नाल्यात, वापरासाठी टँकर!

यातील हिशेब शाळकरी मुलासही मांडता येईल. दरडोई दररोज १३५ लिटर पाणी धरले, तर त्यातील सुमारे ४५ लिटर शौचालयात खर्ची पडते. दोनशे कुटुंबांत हजार माणसे मानली, तर हे ४५ हजार लिटर होतात. म्हणजे दहा हजार लिटरांचे साडेचार टँकर, तेही रोज. गाळणीचा खर्च परवडत नाही म्हणणाऱ्यांस हा खर्च कसा परवडतो?

याहून मोठी किंमत दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागते. देखभाल चुकली की टाक्या तुंबतात, आणि त्या उपसण्यासाठी माणूस आत उतरविला जातो. एप्रिल २०२४ मध्ये विरार येथील एका खाजगी केंद्रात असे चार कामगार मृत्युमुखी पडले. संरक्षक साधनांवाचून अशा कामास माणूस लावण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई केली आहे, हे सुशिक्षितांस सांगावे लागू नये.

उपाय अवघड नाहीत. प्रथम दोष गाळणीचाच आहे काय, हे तज्ज्ञाकडून तपासून घ्यावे. हवा पुरविण्यात वा गाळ बसण्यात बिघाड असेल, तर नवी गाळणीही अल्पावधीत तुंबेल. मग वाळू व कोळसा बदलावा, गंजलेले पिंप आणि आतील जाळ्या पाहाव्यात, दोन्ही बाजूंस दाबमापक बसवावेत, आणि धुण्याचे काम शक्य तेथे स्वयंचलित झडपांवर सोपवावे. गाळणीच्या आधीचे व नंतरचे पाणी प्रयोगशाळेत तपासून त्याचा अहवाल दरमहा सूचनाफलकावर लावावा. यासाठी दुरुस्ती निधीत प्रतिवर्षी रक्कम राखून ठेवावी.

नदी मैली झाली म्हणून महापालिकेस बोल लावण्याचा हक्क आम्हांस निश्चित आहे. परंतु त्या हक्काचा उच्चार करण्यापूर्वी प्रत्येकाने एकवार आपल्या इमारतीचा जिना उतरून तळघरात डोकावावे.