मुलांना घेऊन फ्लॉरेन्सला जाताय? मग यादी थोडी लहान करा

युरोपला जाऊन आलेली घरं आता आपल्या बडोद्यात प्रत्येक सोसायटीत दोन-चार तरी निघतील. टूरच्या कार्यक्रमात फ्लॉरेन्सच्या वाट्याला बहुतेक वेळा एक दुपार येते. बसमधून उतरा, घुमट बघा, जुन्या पुलावर फोटो काढा, की निघाले पिसाच्या मनोऱ्याकडे. माझं स्पष्ट मत आहे की मुलं बरोबर असतील तर असं जाऊच नये. एखादं गाव कमी करा, पण इथं तीन दिवस राहा. आणि दिवसाला मोठी गोष्ट एकच.

आम्ही तीन कुटुंबं मिळून गेलो होतो. दोन मराठी, एक गुजराती, आणि सात ते चौदा वर्षांची पाच मुलं. पहिल्याच रात्री थेपले खाताना वाद. एक मित्र म्हणाला, "एवढे पैसे घालून आलोय, परत कोण येणार आहे? सगळं बघून घेऊ." त्याचं काही चूक नव्हतं. ज्यांनी पासपोर्टच चाळिशीत काढला, त्यांना असं वाटणारच. पण उफिझीच्या तिसऱ्या दालनात पोचेपर्यंत मूल चित्रं बघायचं सोडून बसायला बाक शोधायला लागतं, हेही तितकंच खरं.

आमचा तोडगा सोपा होता. सकाळी ज्याला जिथं जायचं तिथं त्यानं जावं, रात्री जेवायला सगळ्यांनी एकत्र यावं. मुलांनी कुठल्याही काका-मावशीबरोबर जावं, आईबापांनी रुसू नये. दोस्तांबरोबर प्रवास करून दोस्ती टिकवायची असेल तर सकाळी वेगळं होता आलं पाहिजे.

मुलांना सगळ्यात आवडलं काय, ऐका. एक म्हणजे भिंतीवरच्या पाट्या. 4 नोव्हेंबर 1966 ला आर्नो नदीचं पाणी गावात शिरलं, ते कुठवर चढलं होतं त्याच्या खुणा आजही भिंतींवर आहेत. सांता क्रोचे भागात त्या डोक्याच्या कितीतरी वर दिसतात. विश्वामित्रीचं पाणी पार्किंगमध्ये चढताना बघितलेल्या मुलांना ते काही समजावून सांगावं लागलं नाही. पाट्या शोधण्यात त्यांचा सबंध दिवस गेला, आणि त्या नादात गल्ल्याही पाठ झाल्या.

दुसरी गोष्ट म्हणजे टाकलेल्या बाळांसाठी बांधलेला अनाथाश्रम, ओस्पेदाले देल्यी इन्नोचेंती. 1419 मध्ये त्याचं काम सुरू झालं. मोठ्या चर्चचा तो घुमट उभारणाऱ्या ब्रुनेलेस्कीनंच त्याचा आराखडा केला. दर्शनी कमानींवर निळ्या गोलांत दुपट्यात गुंडाळलेली मातीची बाळं आहेत. आतल्या संग्रहालयात आयांनी बाळाबरोबर ठेवलेल्या खुणा जपल्यात. अर्धं नाणं, अर्धं पदक असं काही. पुढेमागे परत आलीच तर ओळख पटावी म्हणून. आमच्यातल्या सात वर्षांच्यानं विचारलं, "मग परत आल्या का?" काही येत, पुष्कळ येत नसत. मूल गप्प झालं. कुठल्याही गाईडच्या तासाभराच्या भाषणापेक्षा ती दहा मिनिटं मोलाची होती.

तिसरी जागा टूरच्या यादीत नसतेच. गावाच्या पश्चिमेला नदीकाठानं कास्चिने नावाची बाग आहे, तीन किलोमीटरहून लांब. तिच्या अगदी शेवटच्या टोकाला, आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर, एक छत्री उभी आहे. आपल्याकडे राजघराण्यातल्या माणसांच्या असतात तशी. खाली फेटा बांधलेल्या तरुणाचा रंगीत अर्धपुतळा. हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. ताराराणींचे पती ते नव्हेत, हे एकोणिसाव्या शतकातले. 1870 मध्ये इंग्लंड बघून परतताना ते आजारी पडले आणि 30 नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. त्यांचं दहन याच संगमावर झालं, आणि 1874 मध्ये स्मारक उभं राहिलं. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. बडोदेकरांनो, आपला लक्ष्मीविलास राजवाडाही याच मँटचा!

आता माझा खरा मुद्दा. अशा ठिकाणी आपण मुलांना "बघ, आपला राजा" एवढं सांगतो, फोटो काढतो आणि निघतो. अभिमान वाटावा, त्यात गैर काही नाही. पण मुलांना दुसरी बाजूही सांगावी. त्या काळी तिथं प्रेत पुरायची रीत, दहन कोणी बघितलेलं नव्हतं. तरीही गावच्या अधिकाऱ्यांनी परक्या धर्माच्या, परक्या देशाच्या माणसाचे विधी त्याच्या पद्धतीनं होऊ दिले. गावकरी आजही त्या कोपऱ्याला 'इंदियानो' म्हणतात. 1978 मध्ये जवळच मोठा पूल झाला, त्याचं नावही तेच. दोन दिवसांच्या पाहुण्याचं नाव एका गावानं दीडशे वर्षं जपलंय.

हे आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळायला हवं. आपले पूर्वज गायकवाडांच्या चाकरीत इथं आले आणि इथलेच झाले. दांडिया बाजारात आपली भाषा टिकली, गणपती टिकला, ते काही फक्त आपल्या चिकाटीमुळं नव्हे. शेजाऱ्यांनीही जागा दिली. आणि आज आपल्याच सोसायटीत बिहारहून, ओडिशाहून आलेलं कुटुंब भाड्यानं घर मागायला आलं की आपण काय खाता, किती जण राहणार, कोण येणार-जाणार, असे वीस प्रश्न विचारतो. मुलं ते ऐकत असतात. उद्या हीच मुलं शिकायला, नोकरीला परमुलखात जातील, तेव्हा त्यांच्यासाठी दार उघडणारं कोणीतरी असावं असं आपल्याला वाटेल. मग दार उघडायचं कसं, हे त्यांनी आत्ताच शिकलेलं बरं.

म्हणून म्हणते, जाणार असाल तर उफिझीचं तिकीट आधी काढा, सोमवारी ती बंद असते हे लक्षात ठेवा, आणि एक सकाळ इंदियानोसाठी राखून ठेवा. पाणी आणि खाऊ बरोबर घ्या, चालणं बरंच आहे. तिथं पोचल्यावर मुलांना काही सांगायची घाई करू नका. आधी त्यांना विचारू द्या.